चौथ्या प्रश्नानंतर

४ सप्टेंबर, गुरुवार

ही वही ताईने आणून दिली. म्हणाली, "रोज संध्याकाळी फोन करून तासभर माझं डोकं खातेस. त्यातलं निम्मं इथे लिहीत जा." सख्खी मोठी बहीण आहे म्हणून ऐकून घेतलं. दुसरं कुणी असतं तर वही त्याच्याच पिशवीत परत कोंबली असती.

तर लिहिते. आज ऑफिसात केक कापला. कारण काय, तर आमचा रेडिओवरचा मुलाखतींचा कार्यक्रम 'नैतिक नवोन्मेष परिषदे'चा भागीदार झाला. निर्मात्याने नवोन्मेष हा शब्द तीनदा उच्चारला आणि तिन्ही वेळा अडखळला. परिषदेत मोठमोठ्या कंपन्यांची माणसं तीन दिवस जमणार, आपण नवी यंत्रं किती सचोटीने बनवतो ते एकमेकांना सांगणार, आणि आम्ही त्यांच्यातल्या एकाची मुलाखत घेऊन ती लोकांना ऐकवणार. तो एक कोण, तर गादीखालची पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा मालक.

ते ऐकलं आणि केकची बशी खाली ठेवली. त्याच पट्टीपायी माझी ताई जूनपासून घरी बसली आहे.

ताई एकतीस वर्षं नर्स आहे. ही पट्टी रुग्णाच्या गादीखाली घालतात, ती श्वास मोजते, श्वास अडकला की गजर वाजतो. पट्टी आहे म्हटल्यावर हॉस्पिटलने ताईच्या वॉर्डातल्या दोन नर्स कमी केल्या. चोवीस खाटा आणि एकटी ताई. जूनमध्ये एका दुपारी अकरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा गेले. ताई म्हणते गजर वाजलाच नाही. कंपनी म्हणते वाजला, नर्सने लक्ष दिलं नाही. १४ ऑक्टोबरला चौकशी समिती बसणार आहे. निकाल उलट गेला तर ताईची नर्स म्हणून असलेली नोंदणीच रद्द होईल.

रोड अंगाचा माणूस कुशीवर झोपला की पट्टी मुकी होते, हे ताईने त्याआधी हॉस्पिटलला आणि कंपनीला तीनदा लेखी कळवलं होतं. हॉस्पिटल म्हणतं कागद मिळाले नाहीत. कंपनी म्हणते आमच्याकडे एकही तक्रार नाही. ताईकडे उरल्या आहेत तिच्या स्वतःच्या प्रती, त्यांच्यावर ना शिक्का ना कुणाची सही.

ऑफिसात यातलं कुणाला काही ठाऊक नाही. सांगणारही नाही. त्यांची कीव मला नको आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज करार वाचून दाखवला. बाईसाहेब निर्मात्याच्या शेजारी बसल्या होत्या.

बाईसाहेब म्हणजे आमच्याकडे मुलाखती घेणारी. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली तेव्हा माईकच्या कुठल्या बाजूला तोंड करून बोलायचं हेही तिला माहीत नव्हतं. मी शिकवलं. आता तिचा फोटो जिन्यात माणसाएवढा लावलाय आणि माझं नाव कार्यक्रमाच्या शेवटी, लोक बंद करून उठतात त्या वेळी येतं. असो. म्हणजे असो नाही, पण आज तो विषय नाही.

करारात लिहिलंय की मुलाखत आधी कागदावर टाईप करून परिषदेकडे पाठवायची. त्यातलं जे वाक्य त्यांना पटणार नाही ते ते काढून टाकणार. मूळ रेकॉर्डिंगही काम झालं की त्यांच्याच ताब्यात जाणार. मला वाटलं बाईसाहेब निदान थयथयाट करतील. छे. तिने फक्त विचारलं, "म्हणजे तुम्ही वाक्यं काढणार. वाक्यंच ना?" परिषदेची माणसं हो म्हणाली. तिने परत विचारलं, "फक्त वाक्यं. मग हरकत नाही." आणि सही ठोकली. वर हसली. एवढ्यावर सौदा पटला म्हणून हसत असेल.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "विकायचंच होतं तर जरा घासाघीस तरी करायचीस."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तुमचं काम करा ना. मला माझं करू दे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा उलट बोलली. यापुढे तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलायचं नाही. काय असेल ते चिठ्ठीवर लिहून पाठवू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टी टाकून ताईकडे गेले. तिचं काहीतरी बिनसलंय. मी गेले तेव्हा मोरीत चहाचे दोन कप होते. कोण आलं होतं विचारलं तर म्हणाली, "आलं होतं एक जण कामाचं." तक्रारींच्या प्रती ज्या फायलीत असतात ती फाईल कपाटावर नव्हती. "झेरॉक्सला दिल्यात," म्हणाली. तीन कागदांच्या झेरॉक्सला किती वेळ लागतो?

मग म्हणाली, "तुमची ती मुलाखत घेणारी, माणूस म्हणून कशी आहे गं?"

मला काय, निमित्तच हवं होतं. अर्धा तास बोलले. कशी आली, कशी वर चढली, करारावर कशी मुकाट सही केली, सगळं. ताई पोळपाट पुसत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "काल मला अकरा नंबरच्या आजोबांची आठवण झाली. त्यांना ना..." मी म्हटलं, ताई, ते आता राहू दे, आधी हे ऐक. आणि परिषदेच्या त्या सौद्याचं पुढचं सांगितलं.

निघताना तिने विचारलं, "ती शब्दाला जागते का?"

मी म्हटलं, तिचा शब्द म्हणजे वाऱ्यावरची वरात. ताईने दार उघडून दिलं. तिला माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय हे मला दिसतं. पण मी तिच्यासाठीच तर जळते आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रेकॉर्डिंग झालं.

मालक आला. पांढरा शर्ट, मऊ आवाज, चालणं असं की जमिनीला त्रास नको. मी त्याचं नाव महाराज ठेवलं. महाराजांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "खरी कलावंत तर तुम्ही. आम्ही नुसते बोलणारे." मी नंतर हात धुतला.

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ते दोघं. पहिला प्रश्न लहानपणाचा. दुसरा कंपनीचा. तिसऱ्याला महाराज म्हणाले, "आम्ही माणसाची जागा घेत नाही हो, आम्ही माणसाला मोकळं करतो." ताईला कसं मोकळं केलं ते मला ठाऊक आहे. हेडफोन काढून टेबलावर आपटले. यंत्र आपोआप चालू राहतं, माझी तिथे गरज नव्हती. जिन्यात जाऊन उभी राहिले. बाईसाहेबांच्या फोटोकडे पाठ करून.

वीस मिनिटांनी परत आले तर महाराज निघून गेलेले, कुणाचा निरोपही न घेता. बाईसाहेब एकट्याच खुर्चीत बसून पाणी पीत होत्या, चेहरा पांढराफटक. टेबलावर दोन-तीन कागद उपडे ठेवले होते. ते तिने घाईघाईने पिशवीत घातले. परिषदेची पत्रकं असणार. तासभर कुणाची आरती ओवाळली की माणूस दमणारच.

२४ सप्टेंबर, बुधवार

टाईप केलेली मुलाखत परिषदेकडून परत आली. एकाही वाक्यावर काट नाही. शेवटी लिहिलंय, 'अतिशय आवडली.' आता ती किती मिळमिळीत असेल ते कुणी वेगळं सांगायला नको. वाचायचेही कष्ट मी घेतले नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एडिटिंगला बसले. बाईसाहेब तीन दिवस परिषदेच्या व्यासपीठावर मिरवणार, त्यामुळे मला गाठायला वेळ नाही. चिठ्ठी मात्र आली. तिच्याच अक्षरात: 'चौथ्या प्रश्नाला हात लावू नका. जसं आहे तसंच राहू द्या. कृपा करून.' खाली दोन रेघा ओढलेल्या.

कृपा करून. चौथ्या प्रश्नात महाराजांनी काय उजेड पाडलाय की तो जपून ठेवायचा? टाईप केलेल्या कागदावर पाहिलं. तिने विचारलंय, "तुमच्या पट्टीबद्दल एखाद्या वॉर्डातून कधी तक्रार आली होती का?" आणि त्याचं उत्तर, "नाही. एकही नाही." हे उत्तर जपायचं. हेच उत्तर, जे ताईच्या गळ्याशी आलंय. कागद हातात धरून मी उभी राहिले आणि एकटीच मोठ्याने तिला शिव्या दिल्या.

माझं काम काय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणी वाचलंच तर कळेल. माणसं बोलताना अडखळतात, 'अं' करतात, घोट गिळतात, थांबतात. ते सगळं मी काढते. बावीस वर्षांत माझ्या हातून गेलेला एकही माणूस अडखळलेला कुणी ऐकला नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बोललं की उंच होते, गप्प बसलं की सपाट. मी नुसत्या नजरेने सांगते कुठे कापायचं.

आज नजरेनेच कापलं. आवाज बंद करून. त्याचा मऊ स्वर कानात घ्यायची माझी तयारी नव्हती. अख्खा तास असा पहिल्यांदाच कापला, पण हात बरोबर चालला. चौथ्या प्रश्नानंतर लांबलचक सपाट जागा होती, मध्ये कागद हलल्याचे दोन-चार ठिपके. हात लावू नका म्हणाली होती. लावला. सगळी जागा उडवून प्रश्नाला उत्तर चिकटवलं. म्हटलं, बघू दे तिला, तिच्या लाडक्या पाहुण्याचं उत्तर कसं उर्मट वाटतं ते. विचारायचा अवकाश की तोंडावर नाही.

संध्याकाळी सहाला काम दिलं. मूळ रेकॉर्डिंग परिषदेची माणसं घेऊन गेली. आज बरेच दिवसांनी भूक लागली.

२९ सप्टेंबर, सोमवार

कार्यक्रम लागला. ताईकडे बसून ऐकला. तिनेच बोलावलं होतं. सकाळपासून तीनदा फोन, नक्की ये, वेळेवर ये. चांगली साडी नेसून बसली होती, घरातल्या घरात.

पहिले तीन प्रश्न ती नुसती ऐकत होती. चौथा आला तशी पुढे सरकली, रेडिओवर हात ठेवला. "नाही. एकही नाही," महाराज म्हणाले. ताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बघितलंस ना किती निर्लज्ज आहे?

तिने रेडिओ बंद केला. पुढचं ऐकलंही नाही. आत जाऊन पडली. मी दाराबाहेरून खूप बोलले, त्या दोघांना काय काय म्हणायचं ते सगळं म्हटलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "कापलं कुणी? तूच ना?"

मी म्हटलं, मीच. दुसरं कोण कापणार?

३० सप्टेंबर, मंगळवार

हे कसं लिहू तेच कळत नाही.

सकाळी बाईसाहेब माझ्या खोलीत आल्या. खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीत बसल्या.

"ती जागा कुठे गेली?"

"कुठली?"

"चौथ्या प्रश्नानंतरची."

"सपाट होती. काढली."

"चिठ्ठी मिळाली नव्हती?"

"मिळाली होती."

ती म्हणाली, "तुम्ही ती ऐकलीत तरी का?"

मी म्हटलं, बावीस वर्षांनंतर मला त्यासाठी कान लागत नाहीत. हे वाक्य मी खरंच म्हटलं. आता लिहितानाही लाज वाटते.

मग तिने सांगितलं. ताई तिच्याकडे आपण होऊन गेली होती, महिन्याच्या सुरुवातीलाच. मग ही ताईच्या घरी गेली, तिन्ही तक्रारींच्या प्रती घेऊन आली. परिषद कुठलंही वाक्य काढणार हे माहीत असल्यामुळे तिने असा प्रश्न ठरवला, ज्यात काढण्यासारखं काहीच नाही. प्रश्न विचारला आणि एक शब्दही न बोलता ते तीन कागद महाराजांच्या पुढ्यात सरकवले. महाराजांनी वाचले. पहिला वाचला, दुसरा उचलला, पहिला परत उचलला. चौदा सेकंद. ती मनात मोजत होती. आणि मग म्हणाले, "नाही. एकही नाही."

"टाईप केलेल्या कागदावर गप्प बसणं दिसत नाही," ती म्हणाली. "त्यांना ते काढता आलंच नसतं. फक्त तुम्हालाच काढता येत होतं."

मला राग आला. हो, तेव्हासुद्धा. मी विचारलं, "मग मला आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तुमच्या ताईंनीच बजावलं होतं. म्हणाल्या, तिला कळलं तर ती त्याच्या अंगावर धावून जाईल आणि मुलाखतच होणार नाही. शिवाय तुम्ही त्यांची बहीण. तुम्हाला माहीत असून तुम्ही कापलं असतं तर कंपनीचा वकील म्हणाला असता, बहिणीने जागा घुसवली." ती उठली. "मला वाटलं, एक चिठ्ठी पुरेल. तुम्हीच शिकवलं होतंत की मुलाखत घेणाऱ्याने खूण केलेल्या जागेला हात लावायचा नाही."

शिकवलं होतं. तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कंपनीच्या वकिलाने आमचा कार्यक्रम पुरावा म्हणून समितीपुढे ठेवला. अर्जात लिहिलंय की मालकांनी जाहीर मुलाखतीत, कुठलाही संकोच न करता, तत्काळ उत्तर दिलं आहे. तत्काळ. ते तत्काळ मी बनवलं आहे.

परिषदेला मूळ रेकॉर्डिंग मागितलं. दोन ओळींचं उत्तर आलं: मंजुरीनंतर मूळ प्रत पुसून टाकण्यात येते. खाली नैतिक नवोन्मेष परिषद असं छापलेलं होतं आणि झाडाचं एक पान.

ताई फोन उचलत नाही. घरी गेले. दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली. मी म्हटलं, ताई, तू मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगायला निघाले होते की. दोन-तीनदा. तू कुठे ऐकतेस?"

वर म्हणाली, "दिवसभर कानाला ते लावून बसतेस. मला वाटायचं, दमत असशील." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

एक गोष्ट उरली आहे. एडिटिंग करताना कुठून कुठपर्यंत किती कापलं याची यादी आपोआप तयार होते. मी आजवर ती कधी उघडून पाहिली नव्हती. आज पाहिली. मुलाखतीत एकूण तीनशे बारा काटछाटी. बहुतेक पाव सेकंद, अर्धा सेकंद. एकशे सत्तेचाळिसावी: चौथा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत, चौदा पूर्णांक दोन दशांश सेकंद.

बाईसाहेबांना यादी दाखवली. तिने पूर्ण वाचली. म्हणाली, "मी समितीसमोर येऊन काय झालं ते सांगणारच आहे. पण माझ्या शब्दाला आधार नव्हता. हा आहे." आभार वगैरे काही नाही. मीही अपेक्षा केली नाही. खोटं कशाला लिहू, थोडी केली होती.

निर्मात्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "ही यादी कार्यक्रमाची मालमत्ता आहे. ती बाहेर गेली तर भागीदारी संपली, आणि तुमची नोकरीही. आणि तिथे जाऊन सांगणार काय? लेखी सूचना धुडकावून, आवाज बंद करून कापलं? पुढे तुम्हाला काम कोण देईल?"

मी त्याला म्हटलं, नवोन्मेष एकदा न अडखळता म्हणून दाखव, मग ऐकते तुझं. बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. त्याचं सगळं म्हणणं बरोबर होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या अध्यक्षीणबाई निवृत्त डॉक्टर, साठीच्या पुढच्या. एका बाजूला कंपनीचा वकील. महाराज आलेच नाहीत. दुसऱ्या बाजूला ताई, समोर रिकामी फाईल.

आधी बाईसाहेबांनी ते तीन कागद समितीपुढे ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. वकील शांतपणे म्हणाला, "प्रसारित झालेल्या कार्यक्रमात यातलं काहीही नाही." मग माझी पाळी आली.

सगळं सांगितलं. मी हिची सख्खी बहीण आहे. मला मुलाखत घेणारीचा राग होता. तिची चिठ्ठी मिळाली होती. तरीही कापलं. आवाज बंद ठेवून कापलं. वकिलाने तेवढंच उचलून धरलं. "म्हणजे त्या जागेत काय होतं ते तुम्ही ऐकलंच नाही?"

"नाही."

"बावीस वर्षं या व्यवसायात असून?"

"हो."

"आणि आज बहिणीसाठी येऊन सांगताय की तिथे काहीतरी होतं."

मी म्हटलं, "तिथे काय होतं ते मी सांगत नाहीये. तिथे किती होतं ते सांगतेय. यादीत आहे."

वकील हसला. समितीकडे वळून म्हणाला, "चौदा सेकंद, महोदय. माणूस घोटभर पाणी पितो एवढा वेळ. कुठलाही विचारी माणूस उत्तराआधी चौदा सेकंद थांबतो."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मला तो प्रश्न विचारा बरं. त्यांनी विचारला तसाच."

बाईसाहेबांनी विचारला. "तुमच्या पट्टीबद्दल एखाद्या वॉर्डातून कधी तक्रार आली होती का?"

अध्यक्षीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. कुणी बोलेना. मला वाटलं, झाले चौदा. घड्याळात चारच सेकंद झाले होते. वकिलाने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते ऐकू येत होतं. डावीकडच्या सदस्याने खुर्चीत बूड हलवलं आणि ते हलवल्याचं सगळ्यांना कळलं. नऊ. ताईने डोळे मिटले होते. आता कुणीतरी बोला, असं मला ओरडावंसं वाटत होतं. वकिलाने घसा खाकरला आणि अध्यक्षीणबाईंनी एक बोट वर केलं. अकरा. बारा. मी आयुष्यभर हे काढून टाकत आले आणि ते इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

"नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "एकही नाही."

मग त्यांनी चष्मा घातला आणि वकिलाला विचारलं, "आता पुन्हा सांगा. तत्काळ म्हणजे?"

तो काय म्हणाला ते मला आठवत नाही. तिन्ही तक्रारी समितीने ठेवून घेतल्या आणि कंपनीला त्यांचं आवक रजिस्टर आठ दिवसांत हजर करायला सांगितलं. जिन्यात बाईसाहेब माझ्या पुढे दोन पायऱ्या उतरत होती. मी म्हटलं, तू चांगली मुलाखत घेतली होतीस. ती म्हणाली, "मला माहीत आहे." आणि उतरत राहिली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसच्या दारातच पाकीट दिलं. हेडफोन माझे स्वतःचे होते, तेवढे घेऊन आले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल लागला. ताईचा फोन आला. नोंदणी कायम. आवक रजिस्टरात दोन तक्रारींची नोंद सापडली, तिसरी ज्या तारखेची, ते पानच नाही. हॉस्पिटलला लेखी विचारणा झाली आहे की एका नर्सवर चोवीस खाटा कुणाच्या सांगण्यावरून टाकल्या. पट्ट्या तूर्त काढल्या आहेत. सोमवारपासून ताई कामावर जाणार.

मी इतकी खूश झाले की बोलतच सुटले. महाराजांचं आता काय होईल, परिषदेचं नाक कसं कापलं गेलं, निर्माता कुणाच्या दारात उभा राहील. मी संध्याकाळी येते म्हटलं, मग सगळं नीट बोलू.

ताई म्हणाली, "नको. थोडे दिवस येऊ नकोस."

मला वाटलं, दमली असेल. म्हटलं, अगं, पण आपण जिंकलो ना?

"तू घरी येतेस आणि त्यांच्याबद्दलच बोलतेस. पाच महिने झाले. ते आजोबा कोण होते, त्यांना काय होत होतं, मी त्यांच्यापाशी किती उशिरा पोहोचले, एकदा तरी विचारलंस? मी सात नंबरला सलाईन लावत होते. गजर वाजला नाही हे खरं आहे. पण मी तिथे नव्हते हेही खरंच आहे ना? ते मी कुणापाशी बोलू? तुझ्यापाशी बोलायला गेले की तू मला गप्प करतेस आणि त्यांना शिव्या देतेस."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. नोकरी कुणासाठी घालवली, हेच. बोलले नाही.

"काय नाव होतं त्यांचं?" मी विचारलं.

तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

मग मी विचारलं, "थोडे दिवस म्हणजे किती, ताई?"

ती काही बोलली नाही. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी नळ गळत होता. मी फोन कानाशी धरून थांबले.